किती अंधार ठेवायचा?

मुंबईत सूर्यास्ताचा फोटो काढायचा असेल तर आधी महिना बघावा, लेन्स मागाहून. जूनमध्ये मरीन ड्राइव्हच्या मधल्या कट्ट्यावर बसलेल्या माणसाला सूर्य पाण्यात बुडताना दिसत नाही. तो मलबार हिलच्या इमारतींमागे जातो आणि फोटोत उरतात त्या टॉवरच्या काळ्या पाठी. डिसेंबरात तोच सूर्य नेमक्या पश्चिमेपासून सुमारे पंचवीस अंश दक्षिणेला सरकलेला असतो आणि बॅकबेच्या मोकळ्या पाण्यावर उतरतो. जूनचा मावळतीचा सूर्य पाण्यावरच हवा असेल तर नरिमन पॉइंटचे टोक गाठावे लागते. तिथून राजभवनाच्या टेकाडाच्या थोडा डावीकडे तो समुद्रावर टेकतो. अर्थात त्या दिवसांत ढगांनी दर्शन दिले तर! दादरच्या चौपाटीवरून वांद्रे-वरळी सी-लिंक पश्चिमेला आडवा दिसतो, त्यामुळे तारांच्या जाळीत सूर्य कुठल्या आठवड्यात अडकेल याचे हिशेब मांडणारी मंडळी चैत्यभूमीजवळच्या डेकवर हमखास भेटतात. हल्ली हे हिशेब फोनवरचे ॲप करते. पूर्वी ते डायरीत असत.

वेळही फारशी हाताशी नसते. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत सहाच्या सुमारास दिवस मावळतो, जुलैच्या आरंभी सव्वासात उलटून जातात. पण महिना कुठलाही असो, तबकडीची खालची कड क्षितिजाला लागल्यापासून वरची कड दिसेनाशी होईपर्यंत सव्वादोन-अडीच मिनिटेच जातात. त्यानंतरचा कामाचा संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांचा. लंडनला जूनमध्ये तो पाऊण तास रेंगाळतो. आपल्याकडे सूर्य उभ्या वाटेने खाली जातो, म्हणून रंग लवकर चढतात आणि लवकर उतरतात. युरोपातल्या फोटोग्राफरांनी लिहिलेली सूर्यास्ताची पुस्तके वाचून आलेला हौशी माणूस इथे पहिल्याच संध्याकाळी गडबडतो तो यामुळे.

आणि मग खरी अडचण सुरू होते. कॅमेऱ्याच्या जगात प्रकाशाचे माप ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. आजचा चांगला फुल-फ्रेम कॅमेरा सर्वांत कमी आयएसओवर चौदा स्टॉपच्या आसपास तफावत पेलतो. चौदा वेळा दुप्पट केले की आकडा १६,३८४ वर जातो. ऐकायला भरपूर वाटतो. परंतु क्षितिजाला टेकलेला सूर्य आणि कट्ट्याखालच्या ओल्या काळ्या टेट्रापॉडांच्या फटी एकाच चौकटीत घेतल्या की तफावत सोळा-सतरा स्टॉपवर सहज पोहोचते. सूर्य जरा वर आणि हवा स्वच्छ असेल तर ती विशीही ओलांडते. माणसाच्या डोळ्याला हे जाणवत नाही, कारण डोळा एका जागी ठरत नाही. आकाशाकडे पाहताना बाहुली बारीक होते, दगडांकडे वळताना मोठी, आणि मेंदू दोन्ही नोंदी जोडून एकच दृश्य म्हणून पुढे ठेवतो. कॅमेऱ्याला मात्र एका क्लिकमध्ये एकच काहीतरी ठरवावे लागते. आकाशाला न्याय दिला की शहर काळे, शहराला दिला की आकाश पांढरेफटक.

निसर्गदृश्ये टिपणारे यावर एक काच वापरतात, वरचा अर्धा भाग करडा आणि खालचा स्वच्छ. सपाट क्षितिजावर ती उत्तम चालते. शहरात तिचा उपयोग नाही. इथे क्षितिजच सपाट नसते. त्यातून टॉवर, क्रेन, नारळ, होर्डिंग वर घुसलेले असतात आणि काच त्यांचीही डोकी काळी करून टाकते. म्हणून शहराच्या सूर्यास्ताला एचडीआरची वाट धरावी लागली: एकाच जागेवरून कमी-जास्त प्रकाशाच्या अनेक फ्रेम घ्यायच्या आणि नंतर त्या एकजीव करायच्या.

ही कल्पना संगणकाची मुळीच नाही. ती जवळजवळ फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वापरात असलेल्या कोलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला अतिशय हळव्या होत्या, त्यामुळे आकाश दरवेळी पांढरे उमटे आणि ढग गायब होत. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे या फोटोग्राफराने १८५० च्या दशकात यावर तोड काढली. समुद्रासाठी एक निगेटिव्ह, आकाशासाठी दुसरी, आणि कागदावर क्षितिजाच्या रेषेवर दोघींचा सांधा. सेत बंदरातल्या लाटेचे त्याचे १८५७ च्या सुमाराचे चित्र आज जगभरच्या संग्रहालयांत आहे. लाट एका क्षणाची, ढग दुसऱ्या क्षणाचे. लोकांनी ते पाहून कौतुक केले.

त्याच दशकात, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या पहिल्या भारतीय सभासदांपैकी. मुंबईचा दमट उकाडा, ओल्या काचा सुकण्याआधी उरकायचे काम आणि वर हा पांढराफटक आभाळाचा पडदा, एवढे सगळे त्या मंडळींनी सोसले. आज फोनवर सूर्यास्त टिपून पुढच्या क्षणी तो पाठवणाऱ्याला त्या खटाटोपाची कल्पना करणे कठीण आहे. पण अडचण त्यांची आणि याची एकच आहे.

विसाव्या शतकात प्रश्न वेगळ्याच दाराने आला. अणुस्फोट कसा टिपायचा? चार्ल्स वायकॉफ या अमेरिकन तज्ज्ञाने त्यासाठी एकावर एक तीन थर असलेली फिल्म बनवली. प्रत्येक थराची संवेदनशीलता निराळी. एक थर डोळे दिपवणाऱ्या गाभ्यासाठी, दुसरा भोवतालच्या ज्वाळांसाठी, तिसरा बाहेरच्या मंद भागासाठी. पुढे १९९५ मध्ये स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरचे डिजिटल फोटो जोडण्याची रीत मांडली. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांचा निबंध आला आणि विषय पक्का झाला. मलिक मथुरेत जन्मलेले, आयआयटी कानपूरचे विद्यार्थी, तेव्हा बर्कलेत प्राध्यापक. या दोघांनी एका चर्चच्या आतले सोळा फोटो घेतले, ३० सेकंदांपासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. शटर किती वेळ उघडे होते हे माहीत असेल तर कॅमेरा प्रकाशाला कसा प्रतिसाद देतो याचा आलेख उलटा काढता येतो, आणि मग चौकटीतल्या प्रत्येक बिंदूवर प्रत्यक्षात किती प्रकाश होता ते सांगता येते, हा त्याचा गाभा. म्हणजे फोटो हे चित्र राहिले नाही, मोजमाप झाले.

कट्ट्यावरचे व्यवहार इतके तात्त्विक नसतात. ट्रायपॉड, आयएसओ १००, छिद्र एफ ८ वर कायम. छिद्र बदलायचे नाही, कारण ते बदलले की समोरचे आणि लांबचे काय स्पष्ट दिसते तेही बदलते आणि फ्रेम एकमेकींवर नीट बसत नाहीत. बदलायचा तो फक्त शटरचा वेग. समजा पाच फ्रेम, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने: सेकंदाचा हजारावा भाग, २५० वा, ६० वा, १५ वा आणि शेवटी पाव सेकंद. पहिलीत सूर्याभोवतीचा केशरी पट्टा शाबूत राहतो आणि बाकी सगळे काळोखात जाते. शेवटचीत आकाश जळून जाते, पण टेट्रापॉडवर बसलेल्या माणसाच्या शर्टाच्या घड्या दिसतात. पहिलीपासून शेवटचीपर्यंत आठ स्टॉपची भर पडली. कॅमेऱ्याचे चौदा आणि हे आठ मिळून बावीस. सूर्य चौकटीत घेऊनही पुरतात.

कागदावर. प्रत्यक्षात समोर मुंबई असते आणि ती पाव सेकंदसुद्धा स्तब्ध राहत नाही. लाट पहिल्या फ्रेममध्ये एका जागी, पाचवीत दुसऱ्या. टॅक्सी सरकते, चणेवाला चालत राहतो, लग्नाआधीच्या शूटिंगला आलेल्या नवऱ्या मुलीची ओढणी उडते. फ्रेम जोडल्या की या सगळ्यांची भुते उमटतात. धंद्यातली माणसे याला ‘घोस्टिंग’च म्हणतात. सॉफ्टवेअर हलणारा भाग ओळखून तिथे पाचांतली एकच फ्रेम वापरते, पण पाणी सगळेच हलते, तेव्हा ते गोंधळते. म्हणून जाणते लोक समुद्राचा भाग हाताने एका फ्रेममधून उचलतात आणि आकाश दुसरीतून. सगळे तंत्र फिरून ल ग्रेच्या सांध्यावर येते.

ट्रायपॉडचे दुखणे वेगळे. हातात कॅमेरा असेपर्यंत कुणी विचारत नाही. तीन पाय उघडले की कुठून तरी शिट्टी ऐकू येते. सुरक्षारक्षकाच्या लेखी तीन पाय म्हणजे धंद्याचे शूटिंग, आणि धंद्याचे शूटिंग म्हणजे परवानगीचा कागद. हौशी माणूस कुठल्या कचेरीत कुठला कागद मागणार? तो ट्रायपॉड मिटतो, कॅमेरा कठड्यावर टेकवतो, खाली रुमालाची घडी घालतो आणि दोन सेकंदांच्या टायमरवर काम भागवतो. पादचारी पुलावर तेही चालत नाही, कारण खालून लोकल गेली की पूल थरथरतो. सी-लिंकवर गाडी थांबवायलाच मनाई. तरी लोक थांबतात आणि दंड भरतात.

आता रंगांबद्दल, कारण त्याविषयी गैरसमज फार. हवेचे रेणू छोट्या लहरींचा प्रकाश जास्त विखुरतात, आणि हा फरक लहरीच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. निळा तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरला जातो. क्षितिजावरच्या सूर्याचा किरण आपल्यापर्यंत येताना माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतो. वाटेत निळे सांडते, तांबडे पोहोचते. इथवर शाळेत शिकवतात. पुढचे शिकवत नाहीत. प्रदूषणामुळे सूर्यास्त रंगीत होतो असे सर्रास ऐकू येते, आणि निदान मुंबईच्या बाबतीत ते बरेचसे उलटे आहे. धूर-धुळीचे मोठे कण सगळ्याच रंगांना सारखे विखुरतात, त्यामुळे रंग मळतो. डिसेंबर-जानेवारीत थंड हवा खाली दबून राहते, धूर वर जात नाही, आणि सूर्य समुद्राला टेकण्याआधीच करड्या पट्ट्यात विरघळतो. मरीन ड्राइव्हवरून दिसणारा सूर्य ज्या महिन्यात नेमक्या जागी येतो, त्याच महिन्यात हवा सर्वांत वाईट. या शहराला विनोदबुद्धी आहे.

खरे रंग पाहायचे तर पाऊस ओसरतानाचे दिवस, सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. हवा धुतलेली असते आणि वर विरळ, उंच ढग असतात. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर हे ढग खालून पेटतात, आधी पिवळे, मग गुलाबी, मग मातकट जांभळे. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याचे सूक्ष्म कण फार उंचावर पसरले आणि जगभर कित्येक महिने लालभडक संध्याकाळी दिसत राहिल्या. १९९१ च्या पिनाटुबोनंतरही तेच घडले. म्हणजे कण चालतात, पण ते बारीक आणि उंचावरचे हवेत. सिमेंटचे नकोत. गंमत अशी की धुरकट संध्याकाळी तंत्राची गरजच कमी होते. सूर्य इतका मंदावतो की त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहावेसे वाटते (पाहू नये, आणि कॅमेऱ्याच्या ऑप्टिकल खिडकीतून तर नाहीच नाही), प्रकाशातली तफावत बारा-तेरा स्टॉपवर येते आणि एका फ्रेममध्ये काम होते. एचडीआर लागते ते स्वच्छ हवेला.

फ्रेम जोडल्यानंतर हातात जे येते ते मात्र कुठे दाखवताच येत नाही. बावीस स्टॉपचा प्रकाश नोंदवला खरा, पण तो कागदावर कसा उतरवायचा? चांगल्या गुळगुळीत कागदाचा सर्वांत पांढरा भाग आणि त्यावरची सर्वांत काळी शाई यांत सहा-सात स्टॉपचाच फरक असतो. लाखो पटींची तफावत शंभरेक पटींत कोंबायची. या कोंबण्याला ‘टोन मॅपिंग’ म्हणतात, आणि या तंत्राची सगळी अब्रू इथे राहते किंवा जाते.

ती गेलीही होती. २००५ मध्ये फोटोशॉपमध्ये फ्रेम जोडण्याची सोय आली, फोटोमॅटिक्ससारखी सॉफ्टवेअर आधीपासून होतीच, आणि पुढची पाच-सात वर्षे जगातल्या प्रत्येक शहरावर एकाच प्रकारची संध्याकाळ पडू लागली. ढग लोखंडी, आकाश मोरपंखी, भिंतीवरची प्रत्येक वीट ओरडणारी, इमारतींच्या कडांना पांढरी आभा. ही आभा कुठल्या दैवी प्रकाशाची नव्हे. सॉफ्टवेअर चौकटीचा प्रत्येक छोटा तुकडा शेजारच्याशी तुलना करून उजळ किंवा गडद करते. काळी इमारत आणि उजळ आकाश जिथे भिडतात तिथे त्याचा अंदाज घसरतो आणि कडेला पट्टा उमटतो. २००७ साली मर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी ‘एक्स्पोजर फ्यूजन’ ही साधी रीत मांडली: मोजमापाच्या भानगडीत न पडता प्रत्येक फ्रेममधला नीट उजळलेला, स्पष्ट आणि रंगदार भाग वजन देऊन मिसळायचा. तिने पुष्कळ सुधारणा केली. तरीही भडकपणाचा दोष मी सॉफ्टवेअरला देणार नाही. स्लायडर उजवीकडे ओढणारा हात माणसाचा होता, आणि ओढताना मनात एकच इच्छा होती, चौकटीत कुठेही काळे राहता कामा नये.

मला तक्रार करायची आहे ती याच इच्छेची. मावळतीच्या शहरात काळे असतेच. गल्लीच्या तोंडाशी, पुलाखाली, पाठमोऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर. सगळीकडे सारखा उजेड पाडला की सूर्य कुठे आहे हे कळण्याचे कारणच उरत नाही. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी दिवा हातात घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र काढले. ते म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे आणि त्याच्या प्रती घरोघर लागल्या आहेत. चित्रातला दिवा प्रत्यक्षात प्रकाश देत नाही. कागदाच्या पांढऱ्यापेक्षा जास्त उजळ काही रंगवणे कुठल्याही चित्रकाराला शक्य नसते. हळदणकरांनी केले ते एवढेच की भोवतालचा अंधार राखला, बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड राखला आणि चेहऱ्यावर मोजकी उष्णता ठेवली. सहा-सात स्टॉपच्या कागदावर दिवा पेटला. टोन मॅपिंग शिकणाऱ्याने सॉफ्टवेअरच्या आधी हे चित्र तासभर पाहावे.

फोटोग्राफर रघुबीर सिंग यांचे मुंबईचे रंगीत काम पाहतानाही हे जाणवते. ते कोडाक्रोमवर काम करत. त्या स्लाइड फिल्मला तफावत फार थोडी पेलते आणि एक्स्पोजर चुकले की दुरुस्ती नाही. काय काळोखात सोडायचे हे शटर दाबण्याआधी ठरवावे लागे, आणि त्या सक्तीतून आलेली घट्ट सावली त्यांच्या रंगांना आधार देते. आज सक्ती गेली. निर्णय टळलेला नाही, पुढे ढकलला गेला आहे, घरी संगणकासमोर बसेपर्यंत.

फोनने तर तो पूर्णच आपल्याकडे घेतला. २०१० मध्ये आयफोनमध्ये एचडीआरचे बटण आले तेव्हा ते निदान बटण होते, दाबावे लागे. गूगलने २०१३ पासून वेगळाच रस्ता धरला. तिथे सुरुवातीला कमी-जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम नव्हत्या. एकसारख्या, मुद्दाम अंधुक ठेवलेल्या अनेक फ्रेम पटापट घ्यायच्या, छोट्या-छोट्या तुकड्यांनी एकमेकींवर बसवायच्या आणि सरासरी काढायची. आकाश जळत नाही, कारण प्रत्येक फ्रेम अंधुक आहे. सावलीतला रवाळपणा सरासरीत विरतो: नऊ फ्रेम घेतल्या तर तो एक तृतीयांश होतो. ट्रायपॉड नको, शिट्टी नको, रुमाल नको. तंत्र म्हणून हे विलक्षण आहे आणि ट्रायपॉडवाल्यांनी उगाच नाके मुरडू नयेत. पण कट्ट्यावर शेजारी बसलेल्या दहा जणांचे फोन पाहिले तर प्रत्येकाची सावली सारखीच उचललेली दिसते. ती किती उचलायची हे ज्याने ठरवले तो इंजिनिअर इथल्या संध्याकाळी कधी आलाच नसेल. आता नवे पडदे आले आहेत. फोटोतला सूर्य ते खरोखरच बाकीच्या चित्रापेक्षा कितीतरी उजळ दाखवतात, तेव्हा कोंबाकोंबीची गरज कमी होईल. तोच फोटो कागदावर छापला की पुन्हा सहा-सात स्टॉप.

यातून सुटायची एक वाट आहे आणि ती फुकट आहे. सूर्याकडे पाठ करावी. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती, २०१८ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या, पश्चिमेकडे तोंड करून उभ्या आहेत. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांच्या गोलसर बाल्कन्यांवर जो मधाळ प्रकाश पडतो त्यात तफावत सात-आठ स्टॉपची असते. साधा कॅमेरा पुरतो. कट्ट्यावरची सगळी तोंडे मात्र समुद्राकडे, आणि तबकडी बुडाली की टाळ्या वाजवून निम्मी गर्दी उठते.

उठू नये. त्यानंतर वीस मिनिटांच्या आसपास आकाशाचा गडद निळा आणि रस्त्यावरचे दिवे एका पातळीवर येतात. मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमधून राणीचा कंठहार, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची माळ, बघणारे याच वेळेची वाट पाहत असतात. तिथून पश्चिम पाठीमागे असते, तरी काही बिघडत नाही. २०१५ मध्ये या हारातले सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले, तेव्हा मुंबईकरांनी एवढा गलका केला की पुढे पुन्हा उबदार छटेचे दिवे आणावे लागले. फोटोग्राफरांची मागणी त्यात सर्वांत मोठ्या आवाजात नसेलही, पण त्यांचा फायदा सर्वांत जास्त झाला, कारण निळ्या आकाशाला पिवळा दिवाच शोभतो. या वेळी कमी-जास्त प्रकाशाच्या फ्रेम घेणे बंद करावे. एफ ८, आयएसओ १००, चारेक सेकंद, एकच फ्रेम. आकाश, दिवे, इमारती सगळे तिच्यात मावते आणि गाड्या किनाऱ्याच्या वळणावर लाल-पांढऱ्या रेघा ओढून जातात. ही अवस्था फार तर दहा मिनिटे टिकते. मग आभाळ काळे होते, दिव्यांचे गोळे फुटू लागतात आणि तफावत पुन्हा कॅमेऱ्याच्या हाताबाहेर जाते. त्यानंतर कुणी सात-सात फ्रेम घेत बसलेला दिसला तर त्याला खुशाल चहाला बोलवावे. दिवे सावरतील, पण आकाशात आता नोंदवण्याजोगे काही नाही.